फेज डिस्प्ले लायब्ररी पहिल्यांदाच बनवताय? आधी आकडे मांडा

परळ, कलिना, पवई, खारघर, यांपैकी कुठल्या तरी लॅबमध्ये तुम्ही नुकतेच जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून रुजू झाला आहात आणि गाइडनी सांगितलंय, "आपल्याला स्वतःची फेज लायब्ररी हवी आहे, कामाला लागा." हा लेख तुमच्यासाठी आहे. छापील प्रोटोकॉल तुम्हाला कुठेही मिळेल. कशात किती मायक्रोलिटर घालायचं हे त्यात असतंच, पण लायब्ररी कुठल्या पायरीवर हातातून निसटते, हे त्यात सहसा लिहिलेलं नसतं. मी मुख्यतः त्याबद्दल लिहिणार आहे.

आधी दोन मिनिटांत पार्श्वभूमी. फेज म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू. फेज लायब्ररी म्हणजे अशा कोट्यवधी फेजचा साठा, ज्यांच्या अंगावर वेगवेगळे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) किंवा अँटिबॉडीचे तुकडे असतात. १९८५ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी दाखवून दिलं, की एम१३ जातीच्या तंतुमय फेजच्या टोकावरच्या प्रथिनाला आपल्याला हवा तो पेप्टाइड जोडता येतो आणि तरीही फेज जिवंत राहतो. पेप्टाइड बाहेर दिसतो आणि त्याचा डीएनए त्याच फेजच्या पोटात असतो. म्हणून कोट्यवधी फेज एकत्र करून टार्गेटवर, म्हणजे ज्याला चिकटणारं काही हवं आहे त्या रेणूवर, ओतायचे, चिकटले ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे, आणि उरलेल्यांचा डीएनए वाचायचा. १९९० मध्ये ग्रेगरी विंटर यांच्या गटानं हेच अँटिबॉडीच्या तुकड्यांवर करून दाखवलं. त्याच वाटेनं आलेलं संधिवातावरचं औषध अ‍ॅडालिमुमॅब २००२ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालं, आणि २०१८ मध्ये स्मिथ व विंटर यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

एम१३ साधारण ९०० नॅनोमीटर लांब असतो. त्याच्या अंगभर पी-एट प्रथिनाच्या सुमारे २,७०० प्रती असतात आणि एका टोकाला पी-थ्रीच्या पाच. आपण बहुतेक वेळा पी-थ्रीवरच काम करतो. हा फेज जिवाणू फोडत नाही. पेशी जिवंत राहते, हळू वाढते आणि फेज बाहेर सोडत राहते. हळू वाढते हे लक्षात ठेवा, पुढे ते नडतं.

लायब्ररी खरंच बनवायची आहे का?

पेप्टाइडच हवे असतील आणि टार्गेट एक-दोनच असतील, तर बनवू नका, विकत घ्या. न्यू इंग्लंड बायोलॅब्ज या कंपनीच्या सात आणि बारा अमिनो आम्लांच्या तयार लायब्रऱ्या मिळतात. त्यांची विविधता साधारण १०० कोटींची असते आणि नवख्या हाताला तेवढी गाठायला बराच काळ लागतो. स्वतःची बनवायची ती वेगळी रचना हवी असेल तेव्हा: दोन सिस्टीनमध्ये अडकवलेला वेगळ्या लांबीचा वलयाकार पेप्टाइड, एखाद्या ओळखीच्या प्रथिनाचा एकच लूप बदललेला, असं काही.

अँटिबॉडीसाठी मात्र स्वतःची लायब्ररी बनवायला सबळ कारणं असतात. डेंग्यूतून बरे झालेल्या रुग्णांच्या रक्तातून बनवलेली इम्यून लायब्ररी लहान असली तरी त्या एका टार्गेटसाठी फार ताकदीची असते. उलट कुठल्याही टार्गेटला वापरता येईल अशी नाइव्ह लायब्ररी निरोगी दात्यांकडून बनते, आणि ती मोठीच असावी लागते. सर्पदंशावरचं प्रतिविष आजही घोड्यांच्या रक्तातून काढलं जातं. परळच्या हाफकिन संस्थेचा त्यातला इतिहास आपल्याला माहीत आहे. घोड्याऐवजी मानवी अँटिबॉडीचे तुकडे वापरून नागाच्या विषातली प्रथिनं निष्प्रभ करता येतील का, हा प्रश्न आपल्या शहरातल्या मुलांनी हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

निर्णय झाला की पहिल्याच आठवड्यात कागदपत्रं सुरू करा. आनुवंशिक फेरबदलाचं काम संस्थेच्या बायोसेफ्टी समितीपुढे न्यावंच लागतं. जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना हाताशी ठेवा. माणसाचं रक्त घेणार असाल तर एथिक्स कमिटी वेगळी. समित्यांच्या बैठका ठरावीक दिवशीच होतात. एक बैठक चुकली की प्रायमर फ्रीझरमध्ये पडून राहतात आणि तुम्ही बाकावर.

पिपेट उचलण्याआधी गणित

सात अमिनो आम्लांचे एकूण पेप्टाइड किती? वीसचा सातवा घात, म्हणजे १२८ कोटी. बारांचे सुमारे ४१ कोटी कोटी. दुसरा आकडा कुठल्याही लॅबच्या आवाक्याबाहेरचा आहे. बारांची लायब्ररी म्हणजे नेहमीच एक छोटा नमुना असतो, आणि त्यात काही गैर नाही, फक्त तसं म्हणायला हवं.

डीएनए पातळीवर चित्र आणखी बदलतं. आपण ऑलिगो (कृत्रिमरीत्या बनवलेला डीएनएचा छोटा तुकडा) मागवतो तो एनएनके पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक कोडॉनमध्ये (एका अमिनो आम्लासाठीच्या तीन बेसच्या गटात): पहिल्या दोन जागी कुठलाही बेस, तिसऱ्या जागी फक्त जी किंवा टी. त्यामुळे ६४ ऐवजी ३२ कोडॉन उरतात, वीसही अमिनो आम्लं मिळतात आणि तीनऐवजी प्रथिन तिथेच थांबवणारा एकच स्टॉप कोडॉन, टीएजी, शिल्लक राहतो. सात जागांचे डीएनए क्रम होतात ३,४३६ कोटी. म्हणजे १०० कोटींची लायब्ररी ही डीएनएच्या हिशेबानं तीन टक्क्यांच्या आसपास आहे. शिवाय ल्युसीन, सेरीन आणि आर्जिनीनला प्रत्येकी तीन कोडॉन, तर ट्रिप्टोफॅन आणि मेथिओनिनला एकेकच. सात ल्युसीनचा पेप्टाइड सात ट्रिप्टोफॅनच्या पेप्टाइडपेक्षा २,१८७ पट जास्त वेळा तयार होतो. हा कल टाळायचा असेल तर ट्रायन्युक्लिओटाइडनं बांधलेले ऑलिगो मिळतात. महाग असतात, पण लूप लहान असेल तर मी तेच मागवायला सांगेन.

स्टॉप कोडॉनचाही हिशेब करा. सात एनएनके कोडॉनमध्ये स्टॉप नसण्याची शक्यता ८० टक्के, बारांमध्ये ६८. टीजी१ किंवा एक्सएल१-ब्लूसारख्या ई. कोलाय जिवाणूच्या जातींत टीएजीच्या जागी काही प्रमाणात ग्लुटामिन बसतं, म्हणून ते क्लोन पूर्ण वाया जात नाहीत. पण पुढे तोच पेप्टाइड दुसऱ्या पेशीत बनवायला गेलात की अर्धवट प्रथिन मिळेल. क्रम वाचताना टीएजी दिसला तर लगेच वहीत नोंद करा.

अँटिबॉडीच्या बाबतीत मर्यादा रक्ताच्या नळीतच ठरते. ५० मिली रक्तातून साधारण ५ ते १० कोटी मोनोन्युक्लिअर पेशी मिळतात आणि त्यांतल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. म्हणजे एका दात्याकडून ढोबळमानानं ५० लाख ते एक कोटी बी पेशी. अँटिबॉडीच्या जड आणि हलक्या साखळ्यांच्या नव्या जोड्या लागतात म्हणून लायब्ररी याहून मोठी होते, पण जड साखळीची मूळ विविधता त्या नळीएवढीच राहते. नाइव्ह लायब्ररीला अनेक दाते लागतात ते यामुळे.

इमारतीवरची टाकी कितीही मोठी असू द्या, घरात येणारी लाइन अर्ध्या इंचाची असेल तर नळाला तेवढंच पाणी. लायब्ररीचंही तसंच आहे. ऑलिगो, लायगेशन (डीएनएचे तुकडे जोडणं), ट्रान्सफॉर्मेशन (तो डीएनए पेशींत घालणं), रेस्क्यू (पेशींतून फेज बाहेर काढणं), साठवण, यांपैकी जिथे आकडा सगळ्यात लहान, तीच तुमची लायब्ररी. प्रत्येक पायरीला आकडा काढून वहीत लिहायची सवय आजपासूनच लावा.

पेशी आणि व्हेक्टर

एम१३ ई. कोलायच्या एफ पिलसला (पेशीवरच्या केसासारख्या तंतूला) धरून आत शिरतो. पिलस नाही तर संसर्ग नाही. एक्सएल१-ब्लू आणि ईआर२७३८ मध्ये एफ प्लाझ्मिड टेट्रासायक्लिननं टिकवायचं. टीजी१ साठी एम९ मिनिमल प्लेट, थायमिन घालून. फ्रीझरमधली कुणाची तरी जुनी कॉलनी एलबी प्लेटवर ओढून कामाला घेऊ नका. पेशी ३७ अंशांवर, ओडी (कल्चरची गढूळता, म्हणजे पेशींची दाटी) ०.४ ते ०.५ दरम्यान असतानाच पिलस भरपूर असतात. कल्चर पुढे गेलं किंवा बाहेर टेबलावर थंड झालं की संसर्ग घटतो. शेकरपासून उठून चहाला जाण्याची ही वेळ नव्हे.

व्हेक्टर म्हणजे आपला जीन वाहून नेणारा डीएनए. अँटिबॉडीसाठी फॅजमिड घ्या, पीकॉम्ब३ किंवा पीएचईएन१ च्या घराण्यातला. फॅजमिडमध्ये फक्त पी-थ्री आणि तुमचा जीन असतो. बाकीची सामग्री एम१३केओ७ सारखा हेल्पर फेज पुरवतो. लॅक प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) गप्प ठेवण्यासाठी रेस्क्यूपर्यंत मीडियात २ टक्के ग्लुकोज हवंच. ते विसरलं की अँटिबॉडीचे तुकडे बनायला लागतात, ते बनवणाऱ्या पेशी मागे पडतात आणि रिकाम्या व्हेक्टरवाल्या पुढे निघतात.

व्हेक्टर एसएफआय-वन आणि नॉट-वन या एन्झाइमनी कापताना एसएफआय-वनला ५० अंश लागतात आणि नॉट-वनला ३७, म्हणून एकामागून एक कापा. मग जेलमधून काढा आणि इन्सर्टशिवाय, म्हणजे आपला डीएनएचा तुकडा न घालता, लायगेशन करून पाहा. इन्सर्ट घातलेल्या प्लेटच्या तुलनेत कॉलनीज पाच टक्क्यांहून जास्त असतील तर व्हेक्टर पुन्हा तयार करा. इथे घाई केली तर पुढचं सगळं काम कचऱ्यावर होतं.

इन्सर्ट

पेप्टाइडचं सोपं आहे: ऑलिगोवर छोटा प्रायमर बसवून क्लेनॉव्ह एन्झाइमनं दुसरी साखळी भरायची, कापायचं, शुद्ध करायचं. एखाद्या प्रथिनाचे लूप बदलायचे असतील तर कंकेल पद्धत शिकून घ्या. सीजे२३६ पेशींतून युरॅसिलवाला एकपदरी डीएनए काढून त्यावर ऑलिगो बसवतात. लायगेशनपेक्षा त्यातून आकडा मोठा येतो.

अँटिबॉडीसाठी रक्तातून पेशी वेगळ्या करणं, आरएनए, सीडीएनए आणि मग पीसीआर. नाइव्ह लायब्ररीसाठी आयजीएमचा प्रायमर वापरा. व्ही जीनच्या प्रत्येक कुटुंबाची पीसीआर वेगळ्या नळीत करा. सगळे प्रायमर एकत्र टाकले तर जी कुटुंबं सहज वाढतात तीच भरून येतात. जेलवर बॅंड पाहून प्रमाण ठरवून मग मिसळा. सायकल कमीत कमी ठेवा आणि कमी सायकलमध्ये पुरेसा डीएनए मिळावा म्हणून नळ्या वाढवा. शेवटी ओव्हरलॅप पीसीआरनं जड आणि हलका भाग चार ग्लायसीन आणि एक सेरीन अशा तीन तुकड्यांच्या लिंकरनं जोडायचा. सुमारे ७५० बेसचा एससीएफव्ही, म्हणजे एकाच साखळीतला अँटिबॉडीचा तुकडा, तयार.

आरएनएचं काम रक्त आलं त्याच दिवशी. दाता दादरला, लॅब खारघरला असेल तर नमुना किती वाजता हातात येईल हे आधी ठरवून घ्या. जुलैत ट्रॅकवर पाणी आलं की सगळी वेळापत्रकं कोलमडतात. मी रक्तसंकलन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवायला सांगतो. एन्झाइमची ऑर्डरही गणपतीच्या आठवड्यात येईल अशी देऊ नका. ड्राय आइसचा डबा सुट्टीत कुठल्या तरी गोदामात पडून राहतो.

ट्रान्सफॉर्मेशन

सगळ्यात जास्त लायब्रऱ्या इथेच मरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. इथे क्युव्हेट नावाच्या छोट्या भांड्यात विजेचा झटका देऊन डीएनए पेशींत घालायचा असतो.

आधी लायगेशनमधलं मीठ काढा, कॉलमनं किंवा इथेनॉलनं, आणि डीएनए शुद्ध पाण्यात घ्या. पेशी बर्फाच्या थंड १० टक्के ग्लिसरॉलनं धुतलेल्या हव्यात. सेंट्रीफ्यूज, बाटल्या, पिपेटची टोकं, सगळं रात्रभर थंड केलेलं. एक मिमीच्या क्युव्हेटला साधारण १.८ किलोव्होल्ट, दोन मिमीच्या क्युव्हेटला २.५.

मुंबईच्या दमट हवेत बर्फातून काढलेल्या क्युव्हेटवर दोन सेकंदांत दव जमतं. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन्ही पट्ट्या टिश्यूनं कोरड्या पुसा, क्युव्हेट टेबलावर हलकेच आपटून बुडबुडे घालवा, मिश्रण दोन्ही पट्ट्यांना टेकलंय ना हे उजेडात धरून पाहा आणि लगेच खाचेत सरकवा. बटण दाबल्यावर यंत्राची साधी बीप ऐकू आली आणि पडद्यावर टाइम कॉन्स्टंट ४.५ ते ५ मिलिसेकंद दिसला, तर चांगलं झालं. फट् असा आवाज आणि क्षणभर निळसर ठिणगी म्हणजे आर्किंग. तो नमुना गेला. कारण बहुतेक वेळा मीठ, नाहीतर बाहेरचं पाणी. बीप होताच ३७ अंशांचं एसओसी (पेशींना सावरणारा पोषक मीडिया) ओता. एक मिनिट उशीर झाला तरी जिवंत पेशींची संख्या स्पष्ट घटते. म्हणून एसओसीची पिपेट दुसऱ्या हातात भरून तयार ठेवा, किंवा जोडीदार घ्या. दोघांनी मिळून हे काम फार सुरेख होतं.

आता मोजणी. समजा एका क्युव्हेटचं एक मिली एसओसी आहे. त्यातून एक लाख पट विरळ केलेलं १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरलं आणि ६० कॉलनीज आल्या. ६० गुणिले १० गुणिले एक लाख, म्हणजे ६ कोटी. असे २० क्युव्हेट झाले तर १२० कोटी. कॉलनी पीसीआरमध्ये ८५ टक्क्यांत बरोबर लांबीचं इन्सर्ट सापडलं, तर लायब्ररी १०२ कोटींची. पेपरात आणि प्रबंधात हाच शेवटचा आकडा लिहायचा, १२० नाही.

बाकी सगळं मोठ्या चौकोनी प्लेट्सवर पसरा. द्रव मीडियात रात्रभर वाढवलं तर जोमदार क्लोन बाकीच्यांना गिळतात. पावसाळ्यात प्लेट्स आदल्या दिवशी ओतून लॅमिनार फ्लोमध्ये झाकण उघडं ठेवून वाळवा, नाहीतर कॉलनीज पाण्यावर वाहून एकमेकींत मिसळतात.

लायब्ररी खरी आहे का?

किमान ९६ क्लोनचे क्रम वाचा. फ्रेम बरोबर आहे का, अमिनो आम्लांचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का, आणि कुठला क्लोन दोनदा आला का, हे पाहा. ९६ क्लोनमधून ४,५६० जोड्या होतात. म्हणून एक जोडी जरी सारखी निघाली तरी खरी विविधता काही हजारांतच असण्याची शंका घ्यायला हवी, मग प्लेटवर कोट्यवधी कॉलनीज का असेनात. असं झालं तर पीसीआरपर्यंत मागे जाऊन कारण शोधा. लॅबला परवडत असेल तर डीप सीक्वेन्सिंग करा, पण ९६ क्लोनची चाचणी तिच्याआधी.

रेस्क्यू आणि साठवण

रेस्क्यूला लायब्ररीच्या किमान दहापट पेशी घ्या. १०० कोटींच्या लायब्ररीला १,००० कोटी पेशी. ओडी १ म्हणजे एका मिलीत साधारण ८० कोटी पेशी धरल्या, तर ओडी ०.१ वर १२५ मिली मीडिया लागतो. इथे हटकून आळस होतो: ग्लिसरॉल स्टॉकमधून टोकभर पेशी ५० मिलीत टाकल्या की महिनाभराची विविधता त्या टोकावर संपते.

ओडी ०.५ ला पेशीमागे वीस या हिशेबानं हेल्पर फेज घाला आणि ३७ अंशांवर अर्धा तास न हलवता ठेवा. हलवल्यानं पिलस तुटतात. मग पेशी खाली बसवून ग्लुकोजचा मीडिया फेकून द्या, अँपिसिलिन आणि कॅनामायसिनच्या मीडियात घ्या आणि ३० अंशांवर रात्रभर वाढवा. सकाळी पेशी काढून वरच्या द्रवात पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि मिठाचं द्रावण, चार भागांना एक भाग, घालून बर्फावर तासभर ठेवा. बाटली उजेडात तिरकी धरलीत तर स्वच्छ द्रव हळूहळू दुधट होताना दिसतो. सेंट्रीफ्यूजनंतर भिंतीवर पांढरा पातळ ओघळ दिसेल, तोच फेज. तपकिरी, घट्ट गोळी दिसली तर पेशी उरल्यात, पुन्हा फिरवा.

फॅजमिडच्या पद्धतीत बहुतेक फेजवर एकही अँटिबॉडी नसते. दहा टक्के किंवा त्याहून कमी फेजवर एखादीच असते. टायटरचा (फेजच्या मोजणीचा) आकडा बघून हुरळून जाण्याआधी हे आठवा.

पेशींचे ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० अंशांत, लहान लहान नळ्यांत ठेवा. एकदा वितळलेली नळी परत ठेवू नका. निम्म्या नळ्या दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये, आणि कुठलाही फ्रीझर तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता. तळमजल्यावर ठेवायचं का, हा प्रश्न मुंबईत तेव्हाच निकालात निघाला.

स्वच्छतेबद्दल एकच गोष्ट: तंतुमय फेज ७० टक्के अल्कोहोलनं मरत नाही. बाक पुसायला ताजं हायपोक्लोराइट वापरा, फिल्टरच्या टिप्स घ्या, आणि व्हेक्टर किंवा पेशी तयार करायचं टेबल फेजच्या टेबलापासून वेगळं ठेवा.

पहिलं पॅनिंग

पॅनिंग म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं ओतणं, धुणं आणि निवडणं. लायब्ररी चालते का हे ओळखीच्या टार्गेटवर पाहा. पहिल्या फेरीत लायब्ररीच्या आकाराच्या किमान शंभरपट फेज घ्या आणि धुणं सौम्य ठेवा, कारण प्रत्येक चांगला क्लोन या क्षणी मोजक्याच प्रतींत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ट्वीन डिटर्जंटचे वॉश वाढवा आणि टार्गेटचं प्रमाण कमी करा. चौथ्या फेरीनंतर पुढे जाऊ नका. तिथून पुढे टार्गेटला चिकटणारे नव्हे, तर वेगानं वाढणारे क्लोन जिंकतात. सातांच्या तयार लायब्ररीत हिस्टिडीन-अ‍ॅलानिन-आयसोल्युसीन-टायरोसीन-प्रोलीन-आर्जिनीन-हिस्टिडीन हा क्रम अनेक लॅबना असाच सापडलेला आहे. तो टार्गेटला चिकटत नाही, फक्त भराभर वाढतो. स्ट्रेप्टाव्हिडिनवर काम करत असाल तर हिस्टिडीन-प्रोलीन-ग्लुटामिन दिसणारच, आणि ट्रिप्टोफॅननं भरलेले पेप्टाइड बहुधा प्लास्टिकला चिकटलेले असतात.

तिसऱ्या फेरीनंतर ९६ क्लोनचा एलायझा (चिकटलेला फेज रंगानं दाखवणारी चाचणी) करा. प्रत्येक क्लोनसाठी दोन खळगे: एकात टार्गेट, दुसऱ्यात फक्त ब्लॉकिंगचं दूध. टार्गेटचा सिग्नल दुधाच्या तिपटीहून जास्त असेल तेच क्लोन सीक्वेन्सिंगला पाठवा, आणि दोन्ही खळगे सारखेच पिवळे झाले तर तो क्लोन तिथेच सोडून द्या.